लगतधारक

ऋजुताच्या डाव्या दंडावर चिकटवलेल्या चकतीने सोमवारी सकाळी मोबाइलवर निरोप धाडला: 'बाळांची संख्या निश्चित करता येत नाही. डॉक्टरांशी संपर्क साधावा.'

मोबाइल नेमका स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता आणि ओट्यापाशी आत्या होत्या. आत्या म्हणजे ऋजुताच्या सासूबाई. तासगावकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. सून नात्यातली असो की लांबची, हाक तीच. आत्यांनी चष्मा लावून निरोप दोनदा वाचला आणि संध्याकाळपर्यंत घरात दोन झबली, दोन टोपडी आणि दोन दुपटी येऊन पडली.

"अगं आई, सोनोग्राफीत पाच वेळा एकच बाळ दिसलंय," ऋजुताचा नवरा संग्राम म्हणाला.

"एकाच्या मागं दुसरं लपलं आसंल. तुझा बाप न्हाई का, पाव्हणं आलं की कणगीमागं लपायचा!"

संग्राम हसला. सात वर्षांची मनवा आजीच्या मांडीवर लोळून हसली. ऋजुता मात्र हसली नाही. बाकीच्यांना ती चकती म्हणजे दोन रुपयांच्या नाण्याएवढं एक नवलाचं खेळणं होतं. ऋजुताला तो विहिरीत सोडलेला दोर होता. आणि आज तोच दोर म्हणत होता की माझा काही भरवसा धरू नका.

मनवाच्या वेळचं बाळंतपण ऋजुता कधी कुणाला सांगत नसे. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी, आटपाडीला झालं. सव्वीस तास कळा, मग डोकं बाहेर आलं आणि खांदा आत हाडाला अडकला. डॉक्टर, नर्स, सगळ्यांनी शर्थ केली. चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत ऋजुताला एकच गोष्ट धड ऐकू येत होती: उशाशी उभी असलेली आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, "झालं गं बाय, झालं. झालंच." मनवा वाचली, ऋजुताही वाचली, पण ओढाताणीत बाळाच्या उजव्या खांद्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आजही मनवाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तिला चित्र काढता येतं, सायकल येते, स्वतःची वेणी घालता येत नाही. रोज सकाळी ऋजुता तिची वेणी घालते आणि रोज सकाळी तिला ती चार मिनिटं आठवतात. आई दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्याने गेली, तेव्हापासून ते आठवण्यात वाटेकरीही उरला नाही.

म्हणून यावेळी दिवस राहिले तेव्हाच तिने सांगलीच्या डॉक्टर समीना मुजावर यांना सांगून टाकलं होतं, की मला कळा नकोत. एकही नको. सीझर करा, ठरवून करा. डॉक्टरांनी वाद घातला नाही. आधीचा प्रसंग पाहता ही मागणी अगदी रास्त आहे, म्हणाल्या. प्रश्न होता तो एकच, कधी?

हा 'कधी' दिसतो तेवढा सोपा नव्हता. ऋजुताला गरोदरपणातली साखर निघाली होती. आईला साखर असली की बाळ अंगाने वाढतं, पण फुप्फुसं पिकायला उशीर लावतात. लवकर काढावं तर बाळाला श्वास जड जायचा. उशीर करावा तर बाळ मोठं व्हायचं आणि एखाद्या बेसावध क्षणी कळा सुरू व्हायच्या, ज्यांच्या नुसत्या विचाराने ऋजुताच्या हातापायांना घाम फुटायचा. दोन्हींच्या मधली फट फार अरुंद होती, आणि ती फट दाखवायचं काम त्या चकतीचं होतं.

बाळंतपणाची वेळ ठरवतं कोण, याचा शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षं माग काढला. उत्तर निघालं ते पाहून भलेभले थक्क झाले. वेळ ठरवतं ते बाळ. त्याची फुप्फुसं पिकत आली की त्यांच्या आतून एक साबणासारखा थर धरतो, पहिल्या श्वासाला फुप्फुसं चिकटून बसू नयेत म्हणून. त्या थराचे काही कण भोवतीच्या पाण्यात उतरतात आणि गर्भाशयाला जाऊन सांगतात: मी तयार आहे. गर्भाशय लगेच उठत नाही. त्याला कंबर कसायला चौदा ते अठरा तास लागतात, मग कळा सुरू होतात. हा निरोप जगाच्या आरंभापासून प्रत्येक पोटात दिला जात होता आणि बाहेर कुणालाही तो ऐकू येत नव्हता. आता येऊ लागला. बाळाच्या पेशींचे तुटके धागे आईच्या रक्तात फिरत असतात. दंडावरची चकती कातडीखालच्या पाण्यातून तासातासाला ते वेचते, आणि त्यांत 'तयार आहे' हा निरोप दिसला की मोबाइल वाजतो. या तंत्राला गावोगावच्या नर्सबाईंनी आपापसांत 'चाहूल' नाव दिलं आणि तेच रूढ झालं. चाहूल लागल्यावर, कळा येण्याआधी, दिवसाउजेडी सीझर करायचं. बाळ तयार, आई शांत.

फक्त त्यासाठी चकतीला बाळ ओळखता आलं पाहिजे. ते तिला येत नव्हतं.

"जुळं नाही," डॉक्टर मुजावर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ऋजुता आणि संग्राम त्यांच्या समोर बसले होते. पडद्यावर निळी, हिरवी, पिवळी अशा तीन रेघा एकमेकींत गुंतून चालल्या होत्या. "पण तुमच्या रक्तात तुमच्याशिवाय आणखी तिघं आहेत. एक बाळ. एक, माझा अंदाज आहे, मनवा."

"मनवा शाळेत गेलीय," संग्राम म्हणाला. मग आपण काय बोललो ते कळून कानाची पाळी ओढत बसला.

डॉक्टर हसल्या नाहीत. "गरोदरपणात बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात येतात. बाळ जन्मलं म्हणून त्या परत जात नाहीत. हाडांत, काळजात, मेंदूतसुद्धा जाऊन वस्ती करतात. वीस-वीस, तीस-तीस वर्षं. ज्यांना मुलं झाली त्यांच्यापैकी बहुतेक बायका अशाच असतात, ऋजुता. मीसुद्धा. माझा मुलगा दुबईत असतो, आणि तो इथेही आहे." त्यांनी स्वतःच्या दंडावर बोट टेकवलं.

ऋजुता पुढे वाकून त्या तीन रेघांच्या कडा बघू लागली. नोकरीने ती भूकरमापक. जमिनी मोजायच्या आणि दोन रानांमधली हद्द कायम करून द्यायची, हे तिचं रोजचं काम. आता ड्रोन वरून बोटभर चूक न करता रेषा आखतो, पण दगड रोवायला अजून माणूसच लागतो, कारण भांडण माणसांचं असतं. वितभर बांधासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडलेली तिने पाहिली होती. हद्द म्हणजे काय ते तालुक्यात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आता कुणीतरी तिला सांगत होतं की तुझ्या स्वतःच्या अंगाला हद्दच नाही. आणि त्याची तिला भीती वाटली नाही.

"मनवाच्या गालाच्या आतून कापूस फिरवून आणा," डॉक्टर म्हणाल्या. "तिची ओळख पटली की ती रेघ चकती बाजूला काढेल."

मनवाने फार ऐटीत तोंड उघडलं. तिची हिरवी रेघ सुटी झाली. पण पिवळी तशीच राहिली. बारीक, तुटक, पण राहिली.

"चकतीची अडचण अशी," डॉक्टरांनी दोन दिवसांनी फोनवर समजावलं, "की या पिवळीची निम्मी खूण तुमच्याशी जुळते. बाळाचीही निम्मी जुळते. म्हणून चकती हिला बाळ समजते आणि गोंधळते. ओळख पटल्याशिवाय चाहूल खरी मानता येणार नाही. पेशी खालून वर जातात तशा वरून खालीही येतात. तुम्ही पोटात होतात तेव्हा आईंच्या पेशी तुमच्यात आल्या असणार. ऋजुता, तुमच्या आईंचं काही जपून ठेवलंय का? फणी, केस, काहीही?"

आई गेल्यापासून ऋजुता कुठल्याच खोलीत आईला शोधत नव्हती, कारण सापडणार नाही हे ठाऊक होतं. आणि आई म्हणे इथे होती. मोजणीला गेली तेव्हा होती, भांडली तेव्हा होती, आईच्याच तेराव्याला रडली तेव्हाही होती.

तिने आटपाडीला वडिलांना फोन लावला.

"अण्णा, आईची फणी आहे का हो?"

"न्हाई बाळा. कपडे, फणी, चप्पल, समदं दहाव्यालाच दिऊन टाकलं. माणूस गेल्यावर ठिवत न्हाईत. आणि मला तरी कुठं बघवत हुतं." मग काळजीने, "का गं? कशाला पाहिजे?"

"काही नाही," ऋजुता म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून रडली. चकतीसाठी नव्हे. एखादं माणूस इतकं पुसून टाकता येतं आणि तरीही जात नाही, या दोन गोष्टी तिला एकदम सोसवेनात.

बाहेर आली तर दारात मनवा उभी. डाव्या काखेत श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा. झाकणावरून तीनदा चिकटपट्टी गुंडाळलेली.

"मम्मी, रागावणार नाहीस ना?"

"काय आहे त्यात?"

"गुंतवळ."

फणीत अडकून निघालेल्या केसांचा गुंता म्हणजे गुंतवळ. आधीच्या पिढ्यांतल्या बायका तो टाकून देत नसत. बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत, डब्यात साठवत. गंगावनाला केस घेणारी बाई दारावर आली की त्यावर भांडं मिळे. ऋजुताच्या आईने ही सवय शेवटपर्यंत सोडली नाही. मनवा सुट्टीत आटपाडीला गेली की आजी आधी नातीची वेणी घालायची, मग स्वतःची, आणि दोघींचे केस एकाच बोटाभोवती गुंडाळून डब्यात टाकायची. डबा भरला की तुला भातुकलीचं पातेलं घेऊ, असं ठरलं होतं. डबा अर्धा भरला आणि आजी गेली. अण्णांनी सगळं देऊन टाकलं त्या दिवशी पाच वर्षांच्या मनवाने डबा आपल्या दप्तरात घातला होता.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तासगावची आजी म्हणते, घरात केस पडले की भांडणं लागतात. म्हणून मी चिकटपट्टी लावली. भांडणं बाहेर येऊ नयेत."

ऋजुताने खाली बसून चिकटपट्टी सोडवली. आत बोरांएवढ्या गुंडाळ्या होत्या. प्रत्येकीत कोवळे काळे केस आणि लांब पांढरे केस एकमेकांना घट्ट धरून. खोबरेल आणि शिकेकाईचा वास अजून होता. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आत्यांनी, ज्यांचं तोंड कधी थांबत नाही, फक्त पदर डोक्यावर घेतला.

"सगळे नाही ना लागणार?" मनवाने विचारलं. "पातेल्याला कमी पडतील."

एकच गुंडाळी पुरली. दोघींचे केस मिसळलेले असूनही चालले. मनवाची ओळख आधीच झालेली होती, उरली ती आजी. मंगळवारी दुपारी पिवळी रेघ सुटी झाली आणि तिच्यापुढे डॉक्टरांनी नाव लिहिलं: मालन. ऋजुताची आई. पडद्यावर आता तीन रेघा अगदी वेगळ्या धावत होत्या. एक आजी, एक नात, एक अजून न आलेली नात किंवा नातू, आणि तिघांना वागवणारी ऋजुता खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होती. देवळाचा कळस पहिल्यांदा जवळून पाहावा तसं तिला झालं.

आता घरात खरा पेच आला. आत्यांनी गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता. अनंत चतुर्दशी, गुरुवार, सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटं. सीझरच करायचं तर चांगल्या वेळेवर का नको, हे आजकाल घरोघरी चालतं, आणि डॉक्टरही फार ताणत नाहीत.

"त्यानंतर पितृपक्ष लागतोय," आत्या म्हणाल्या. "पंधरा दिवस काय शुभ न्हाई. गणपती जायच्या आत बाळ आलं पाहिजे बघ."

खरी गंमत अशी, की हा गुरुवार आत्यांपेक्षा ऋजुताला जास्त हवा होता. मुहूर्तावर तिचा विश्वास नव्हता, पण तारखेवर होता. तारीख हाताला लागली की माणूस तिला धरून उभं राहू शकतं. सदतीस आठवडे पुरे होऊन वर दोन दिवस झाले होते. बाळ वजनाने साडेतीन किलोच्या घरात. उरकून टाकावं. कळांची टांगती तलवार एकदाची खाली यावी.

बुधवारी डॉक्टरांनी निळी रेघ दाखवली. सपाट. "फुप्फुसं अजून बोलत नाहीत. उद्या केलं तर बाळाला दोन-चार दिवस काचेच्या पेटीत, श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल असं मला वाटतं. बहुधा निभावेल. थांबलात तर चाहूल लागेल, पण कधी ते मी सांगू शकत नाही. आणि हेही सांगते, हजारात दोघी-तिघींना चाहुलीनंतर कळा लवकर येतात. दोन्हींत जोखीम आहे. निर्णय तुमचा."

"ऋजू, तू म्हणशील तसं," संग्राम म्हणाला. तो मनापासून म्हणत होता, पण त्या वाक्याने तिचा भार काही हलका झाला नाही.

रात्रभर नव्हे, फक्त सांगली ते तासगाव एवढा वेळ तिने विचार केला. मनवाच्या वेळी बाळाला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायची सोयच नव्हती. आता सोय होती, बाळाने 'अजून नाही' असं स्वच्छ सांगितलं होतं, आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करायला निघाली होती. तिच्या खात्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. शेजारच्या रानाच्या मालकाला, लगतधारकाला, नोटीस दिल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय हद्दीचा दगड रोवायचा नाही. तिने आमदारांचे फोन आले तरी कधी तो मोडला नव्हता. एकदा भर उन्हात एका म्हाताऱ्या लगतधारकाची ती तीन तास वाट पाहत बसली होती, कारण त्याची बैलगाडी वाटेत मोडली होती.

घरी उतरल्यावर ती सरळ आत्यांपुढे गेली. "आत्या, उद्या नाही. बाळ तयार नाही."

"आणि मुहूर्त?"

"मुहूर्त आपला झाला. बाळाचा नाही झाला. ते लगतधारक आहे. त्याचं ऐकल्याशिवाय मी दगड रोवणार नाही."

आत्यांना नोकरीची भाषा कळली नाही, पण सुनेचा चेहरा कळला. त्यांनी गुरुजींना फोन करून सांगितलं की मुहूर्त ऱ्हाऊ दे, आणि दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत.

पुढचे सोळा दिवस ऋजुताने कसे काढले ते तिलाच ठाऊक. पाठ दुखली की ती दचके. बाळ वळलं की घड्याळ बघे. संग्राम गाडी उलटी लावून ठेवू लागला, म्हणजे निघताना वळवायला नको. तारीख नव्हती, धरायला काही नव्हतं. होती ती फक्त एक सपाट निळी रेघ. मग हळूहळू तिला दिवसातून चार वेळा ती रेघ बघायची सवय झाली, आणि त्याहून हळूहळू तिला तिच्याशी बोलायचीही सवय झाली. "बरं बाबा, नसेल व्हायचं आज तर नको," असं ती एकदा मोठ्याने म्हणाली आणि आपल्याला हसू आलेलं पाहून चकित झाली.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी साडेआठला मोबाइल वाजला.

आत्या पितरांच्या नैवेद्याचे वडे तळत होत्या. ऋजुता मनवाची वेणी घालत होती, अर्धी झाली होती. तिने स्क्रीन पाहिली. निळी रेघ उभी चढत होती, विझलेल्या चुलीतून एकाएकी जाळ उठावा तशी, आणि खाली अक्षरं होती: 'चाहूल लागली.' पोटात काहीही दुखत नव्हतं. बाहेर कावळे ओरडत होते, तेल उकळत होतं, आणि आतून कुणीतरी, ज्याने अजून हवा पाहिली नव्हती, सांगत होतं की मी निघालो.

"आत्या, आज," ती म्हणाली.

"आज? अमावास्येला?" झारा आत्यांच्या हातात तसाच राहिला. आत्यांनी कढईखालचा गॅस बंद केला. "अमावास्येच्या जन्माला शांत करत्यात, म्हाईत हाय मला. करू की बारशाआधी! त्यात काय एवढं? ज्याची त्यानं येळ काढलीया, आपण कोण?" आणि दोन्ही झबली पिशवीत कोंबत, "संग्राम, गाडी काढ! का पंचांग बघत बसलाय?"

मनवा अर्ध्या वेणीनेच गाडीत बसली.

दुपारी एकला ऋजुता टेबलावर होती. कमरेखाली सगळं बधिर. पोटावर कापडाचा पडदा. धान्याच्या पोत्यात हात घालून कुणी काही चाचपडावं तसं आत चाललेलं कळत होतं, दुखत नव्हतं. तरीही भीती आलीच. तिची वेळ ठरलेली होती. खांदा निघायच्या क्षणी ती येणार हे ऋजुताला माहीत होतं. ती मनात मोजू लागली. यावेळी उशाशी कुणी नव्हतं. मग तिची नजर बाजूच्या यंत्राच्या पडद्यावर गेली. निळी रेघ शिखरावर. तिच्याखाली हिरवी. तिच्याखाली पिवळी, बारीक, तुटक, चालत असलेली.

"झालं गं बाय," ऋजुता स्वतःशीच पुटपुटली. "झालं. झालंच."

"झालं!" पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाल्या, आणि कापडाच्या वरती त्यांनी बाळ उचलून धरलं. मुलगी. एक क्षण गप्प, मग तिने तो पहिला श्वास ओढला ज्याची तयारी तिने स्वतः जाहीर केली होती, आणि खणखणीत ओरडली. ओरडताना तिने दोन्ही हात वर फेकले. दोन्ही. डोक्याच्याही वर. ऋजुताला ते हात दिसले आणि सात वर्षं छातीत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. ती मोठमोठ्याने रडली, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी घाबरून विचारलं, दुखतंय का? नाही, ती म्हणाली, मुळीच नाही.

आठव्या दिवशी टाके बघायला सगळा लवाजमा गेला. डॉक्टरांनी चकती काढण्याआधी शेवटचं एकदा पडद्यावर पाहिलं, आणि हात मागे घेतला. हिरवी आणि पिवळी, दोन्ही रेघा तळाला गेल्या होत्या. जवळजवळ नव्हत्याच.

"गेल्या?" ऋजुताने विचारलं. एकदा गेलेली आई दुसऱ्यांदा जाऊ शकते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी जखमेच्या कडेचं पाणी कापसावर टिपून यंत्रात घातलं. पाच मिनिटं लागली. मग त्यांनी पडदा ऋजुताकडे वळवला. तिथे दोन्ही होत्या. हिरवी आणि पिवळी, दाट, शेजारी शेजारी.

"रक्तातून उतरल्यात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. रोज चार बाळंतपणं करणाऱ्या त्या बाईचे डोळेही भरले होते. "जखम झाली की त्या तिकडे जातात. तिथे नेमकं काय काय करतात हे अजून आम्हाला पुरतं कळलेलं नाही. पण भरून येणाऱ्या जागी त्या सापडतात, एवढं खरं."

"माझ्यापण?" मनवाने विचारलं.

"तुझ्यापण. तू मम्मीचे टाके भरतेयस."

मनवाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "तिथे मला हात वर करायला येतो का?"

"तिथे तुला सगळं येतं," डॉक्टर म्हणाल्या. ऋजुताने लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या खांद्यावर, त्याच खांद्यावर, तोंड टेकलं.

आत्या मात्र पिवळ्या रेघेकडे टक लावून बघत होत्या. "म्हंजे," त्या शेवटी म्हणाल्या, "आमच्या विहीणबाई आल्यात म्हणायच्या. बाळंतपणाला."

बाराव्या दिवशी अमावास्येची शांत झाली, तेराव्या दिवशी बारसं. संग्रामच्या बहिणीने बाळाच्या कानात 'मिहिका' सांगितलं. आटपाडीहून अण्णा आले, मनवासाठी भातुकलीचं पितळी पातेलं घेऊन. डबा भरायची वाट बघायची नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. बायकांनी ऋजुताला पाटावर बसवलं. आत्यांनी तिची ओटी भरली. खण, नारळ, पाच मुठी तांदूळ.

मग त्यांनी दुसरा खण काढला. हिरवा, जरीच्या काठाचा.

"हा कुणाचा?" ऋजुताने विचारलं.

"त्यांचा. अहेव गेल्या माझ्या विहीणबाई. बाळंतपण करून जाणाऱ्या बाईला रिकाम्या ओटीनं पाठवत न्हाईत."

ऋजुताने पदर पसरला. "गेल्या कुठं, आत्या? इथंच आहेत."

तांदळाने भरलेली आत्यांची ओंजळ क्षणभर पदरावर थांबली.

"मग ऱ्हावा म्हणावं निवांत," त्या म्हणाल्या आणि ओंजळ सोडली. "घर त्यांचंच हाय."